मोंढा, गादी आणि स्वयंपाकघर : घाऊक व्यापाराचे कार्य

काचीगुड्यातील बहुतेक घरी दुपारच्या पानात वरण असतेच. ते ज्या तुरीचे, ती तूर लातूर-परभणीकडील, तांडूरकडील अथवा कलबुर्गीकडील काळ्या रानात सहा-सात महिने उभी होती. शेतकऱ्याने ती एका भावाने विकली व गृहिणीने तिची डाळ पुष्कळ चढ्या भावाने घेतली. या दोन भावांमधील अंतर कोणाच्या खिशात गेले, असा प्रश्न आपल्या व्यवसायाला पिढ्यान् पिढ्या विचारला जात आहे. आणि बहुधा विचारणाराच त्याचे उत्तरही देऊन टाकतो, की ते मधल्यांनी खाल्ले. अलीकडे हा प्रश्न परक्यांकडूनच येतो असे नाही. आपल्याच घरातील शिकलेली मुले-मुली तो विचारतात, आणि गादीवर बसलेल्या वडीलधाऱ्यांना त्याचे नीट उत्तर देता येत नाही. ज्या धंद्याचे प्रयोजन घरातच सांगता येत नाही, त्या धंद्यात पुढची पिढी कशाला उतरेल? म्हणून या अंकाच्या निमित्ताने घाऊक व्यापारी नेमके करतो तरी काय, याचा थोडा विस्ताराने विचार करू.

प्रथम त्या दोन भावांचाच हिशोब पाहू. केंद्र शासनाने २०२५-२६ च्या हंगामासाठी तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये ठरविला. म्हणजे किलोला ८० रुपये. डाळ किलोला १२० रुपयांना मिळाली, तर मध्ये ४० रुपये उडाले, असे सामान्य ग्राहक समजतो. परंतु शंभर किलो तुरीतून शंभर किलो डाळ निघत नाही. गिरणीत तुरीला तेल-पाणी लावून, वाळवून, भरडून, पाखडून हाती येते ती साधारण ७० ते ७५ किलो डाळ. उतारा ७२ किलोचा धरला, तर ८,००० रुपयांच्या तुरीची डाळ, एक पैही मजुरी न धरता, किलोला १११ रुपयांना पडते. उरलेले टरफल आणि चुणी गुरांच्या खाद्यासाठी जाते व तिचे काही पैसे परत येतात, हे खरे. तथापि ज्या चाळीस रुपयांचा बोभाटा होतो, त्यांतील मोठा भाग टरफलाचा असतो. राहिलेल्या थोड्या रुपयांत हमाली, बारदान, गाडीभाडे, वीज, व्याज, गिरणीवाला, घाऊक व्यापारी आणि किरकोळ दुकानदार, इतक्यांना बसावयाचे असते.

आता आपल्या स्थळाकडे वळू. काचीगुड्याचे घुमटांचे रेल्वे स्थानक १९१६ साली बांधले गेले. येथून निजामाबाद, नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद असे करीत मनमाडला जाणारा जो लोहमार्ग, तो हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे या नावाने १९०० च्या सुमारास सुरू झाला. तो एक मीटर रुंदीचा, म्हणजे अरुंद जातीचा होता. मनमाडला मुंबईचा रुंद मार्ग मिळे. तेथे प्रत्येक गोणी एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात चढवावी लागे. या मार्गावरील स्थानकांची नावे वाचली, की मोंढ्यांची यादीच वाचल्यासारखे वाटते : धर्माबाद मिरचीचे, उमरी, परभणी व सेलू कापसाचे, नांदेड 'गावरानी' या नामांकित देशी कापसाचे, जालना कापूस आणि धान्याचे. मोंढा हा शब्दही या भागाचाच आहे. मराठवाड्यात प्रत्येक व्यापारी गावी मोंढा असतो, आणि सिकंदराबादेतही मोंढा बाजार आहे. भाषा बदलली, तरी व्यापाऱ्याचा शब्द बदलला नाही.

लोहमार्ग येण्यापूर्वी हे काम लमाणांचे तांडे करीत. शेकडो बैलांच्या पाठीवर धान्य लादून ते कोकणाच्या वाटेने जात आणि परत येताना मीठ आणीत. त्यांचा व्यापार खरा घाऊक होता. मात्र त्याचा वेग बैलाच्या पावलाइतका होता. एका जिल्ह्यात दुष्काळ पडून माणसे उपाशी असताना शंभर कोसांवर धान्य मातीमोलाने पडून असल्याचे प्रसंग त्या काळी घडत, याचे कारण हेच. आगगाडीने अंतर तोडले. परंतु आगगाडी स्वतः माल विकत घेत नाही आणि कोणता माल कोठे हवा आहे हेही तिला कळत नाही. ते कळणारा माणूस स्थानकाशेजारी गादी मांडून बसला, तेव्हाच डबे भरू लागले.

शिवाय हैदराबाद संस्थानातील व्यापाऱ्याला आणखी दोन अडथळे ओलांडावे लागत, ज्यांची आज तरुणांना कल्पनाही नसेल. संस्थानाचे नाणे वेगळे होते. ब्रिटिश हद्दीतील शंभर कलदार रुपयांना हाली शिक्क्याचे ११६ रुपये १० आणे ८ पै असा दर असे. शेतकऱ्यास हालीत पैसे द्यावयाचे आणि मुंबईकडून कलदार घ्यावयाचे, म्हणजे प्रत्येक सौद्यात दोन भाव सांभाळावे लागत, एक मालाचा व दुसरा नाण्याचा. दुसरा अडथळा करोडगिरीचा. संस्थानात येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर शेकडा पाच जकात होती. संस्थान भारतात विलीन झाल्यावर ही दोन्ही ओझी टप्प्याटप्प्याने उतरली. जुन्या वह्यांतील दुहेरी रकमा पाहिल्या, की मुनिमांचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

असो. मूळ प्रश्न असा की, गादीवरचा माणूस करतो काय?

पहिले काम गोळा करण्याचे. आपल्या भागातील बहुतेक शेतकरी अल्पभूधारक. एकाकडे तीन पोती तूर, दुसऱ्याकडे पाच, तिसऱ्याकडे बियाणे ठेवून उरलेली दीड. गिरणीला एका वेळी एका जातीचा ट्रकभर माल हवा असतो. तीन पोती घेऊन शेतकरी गिरणीच्या दारात उभा राहिला, तर गिरणीवाला त्याच्याशी स्वतंत्र सौदा, स्वतंत्र तोल, स्वतंत्र हिशोब करू शकत नाही. केला, तर तो खर्च शेतकऱ्याच्याच भावातून कापून घेईल. पन्नास-साठ शेतकऱ्यांचा माल अडत्याच्या ओट्यावर एकत्र येतो, तेव्हाच तो गिरणीच्या उपयोगाचा होतो.

दुसरे काम पारखण्याचे, आणि ते पहिल्याहून अवघड. तूर ही तूर असते, असे बाहेरच्याला वाटते. ओट्यावरच्या माणसाला पांढरी, लाल, काळी वेगळी दिसते. ओली-सुकी दातांखाली कळते. भुंग्याने टोचलेली, पावसात भिजून डाग पडलेली, मातेरे मिसळलेली, ही सर्व मुठीत घेताच ओळखू येतात. ज्या मालाची डाळ गोडीला चांगली आणि लवकर शिजणारी, तो वेगळा लावावयाचा. तांडूरच्या तुरीला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळाले, कलबुर्गीच्या तुरीला त्याआधी मिळाले होते. सरकारी कागदावर ही नावे येण्याच्या पुष्कळ आधीपासून मोंढ्यातला पारखी त्या मालाला निराळा भाव देत होता. ही प्रतवारी झाली नाही, तर चांगला आणि वाईट माल एका भावाने जातो, आणि दोन-तीन हंगामांनंतर चांगला माल पिकविणाराही ती मेहनत सोडून देतो.

तिसरे काम काळाचे आहे. आणि याच ठिकाणी आपल्या धंद्यावर सर्वात मोठा रोष असतो. तूर पिकते वर्षातून एकदा, शिजते रोज. जानेवारी-फेब्रुवारीत सर्वांची तूर एकदम बाजारात येते, कारण शेतकऱ्याला देणी भागवावयाची असतात. त्या दोन महिन्यांत ती विकत घेऊन श्रावणापर्यंत, दिवाळीपर्यंत कोणीतरी सांभाळली पाहिजे. सांभाळणे म्हणजे गोदामाचे भाडे, कीड, वजनातील घट, बँकेचे व्याज आणि भाव पडण्याचे भय. जो हे सर्व सोसतो तो साठा करतो. आणि भाव चढावा म्हणून गरजेच्या वेळी माल दडवून ठेवतो तो साठेबाजी करतो. गोदामाला कुलूप दोघेही लावतात, म्हणून लोकांना भेद दिसत नाही. परंतु व्यापाऱ्याला स्वतःला तो नक्की ठाऊक असतो.

या प्रश्नाची दोन टोके अलीकडेच पाहावयास मिळाली. २०१५-१६ मध्ये देशात तूर जेमतेम २५ लाख टन पिकली आणि २०१५ च्या दिवाळीच्या सुमारास डाळ किलोला दोनशे रुपयांपर्यंत गेली. गोदामांवर धाडी पडल्या, साठ्यांवर मर्यादा आल्या. चढा भाव पाहून शेतकऱ्यांनी पुढच्या हंगामात मोठ्या प्रमाणावर तूर पेरली, पाऊस चांगला झाला, आणि उत्पादन ४८ लाख टनांवर गेले. भाव हमीभावाच्याही खाली कोसळले. खरेदी केंद्रांसमोर गाड्यांच्या रांगा लागल्या. ज्या वर्षी कोणीतरी पुढे होऊन माल उचलण्याची सर्वाधिक गरज होती, त्या वर्षी आदल्या वर्षीच्या धाडींची धास्ती घेतलेले पुष्कळ व्यापारी हात आखडून बसले. २०२३ च्या जून महिन्यात पुन्हा तुरीवर मर्यादा आली : घाऊक व्यापाऱ्यास दोनशे टन, सप्टेंबरात ती पन्नास टनांवर आणली गेली. टंचाईच्या काळात शासनाने ग्राहकाकडे पाहावे, हे योग्यच आहे. पण त्याची किंमत सुगीच्या वेळी शेतकऱ्याच्या भावातून वसूल होते, हेही कोणीतरी मांडले पाहिजे.

चौथे काम पैशाचे. बाजार समितीचा नियम असा, की शेतकऱ्याच्या मालाचे पैसे त्याच दिवशी चुकते व्हावेत. गिरणीवाला मात्र पंधरा दिवसांनी, किरकोळ दुकानदार महिन्याने, आणि गावातले गिऱ्हाईक त्याला जमेल तेव्हा देते. या साखळीच्या दोन टोकांतील दिवस घाऊक व्यापाऱ्याच्या भांडवलावर उभे असतात. पूर्वी हे काम दर्शनी आणि मुदती हुंड्यांवर चाले. आज बँक आहे, फोनवरून क्षणात रक्कम जाते. तरीही उधारी गेलेली नाही. बेगम बाजारातून गावोगावच्या दुकानांना जो माल जातो, त्यातला मोठा भाग आजही नुसत्या शब्दावर जातो. आणि एक दुकानदार बुडाला, की त्याचा धक्का कोणाला बसतो, हे सांगावयास नको.

इतके आपल्या बाजूने मांडल्यावर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. नाहीतर हा लेख वकीलपत्र ठरेल. पूर्वी मोंढ्यात सौदा रुमालाखाली होई. खरेदीदार आणि अडत्या यांचे हात एका रुमालाखाली. बोटे दाबून भाव सांगितला जाई. ज्याचा माल, तो शेतकरी समोर उभा राहून रुमालाकडे पाहत असे! त्यानंतर तोल. त्यात कडता, मातेरे, वाण, नमुना, धर्मादाय अशी एकामागून एक वजावट. पट्टी हाती आली, की पोत्यामागे किती गेले याचा त्याला पत्ता लागत नसे. काही वजावटींतून मंदिरे, पाणपोया आणि धर्मशाळा चालल्या, हे खरे. पण तो दानधर्म कोणाच्या धान्यातून झाला, हा प्रश्न उरतोच. आपल्या धंद्याविषयी आज जो अविश्वास आहे, त्याची मुळे या रुमालाखाली आहेत.

या दोषांवर जो उपाय निघाला, त्याचा उगम आपल्या काचीगुड्याजवळच, कोठीच्या रेसिडेन्सीत आहे, हे पुष्कळांना माहीत नसेल. वऱ्हाड १८५३ पासून निजामाने ब्रिटिशांच्या स्वाधीन केला होता व त्याचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटाकडे होता. रेसिडेन्सीच्या हुकुमान्वये १८८६ साली वऱ्हाडातील कारंजा येथे कापसाचा बाजार नियंत्रित करण्यात आला. भारतातील पहिला नियंत्रित बाजार तो हाच मानला जातो. (कारंजा आपल्या समाजाला जुन्या हस्तलिखित ग्रंथांच्या भांडारांमुळे परिचित आहे, व्यापारासाठी त्याची आठवण सहसा कोणी काढीत नाही.) १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. हेतू सर्वस्वी शेतकऱ्याच्या कल्याणाचा होता असे नव्हे. मँचेस्टरच्या गिरण्यांना भेसळ नसलेला कापूस वेळेवर हवा होता. परंतु नियमांचा लाभ शेतकऱ्यालाही झाला. १९२८ मध्ये शेतीविषयक शाही आयोगाने असे बाजार सर्वत्र असावेत अशी शिफारस केली, आणि हैदराबाद संस्थानाने १९३० मध्ये, म्हणजे फसली १३३९ मध्ये, आपला बाजार कायदा केला. मुंबई इलाख्याचा सर्व शेतमालासाठीचा कायदा त्यानंतर नऊ वर्षांनी, १९३९ मध्ये आला. रुमाल गेला, हर्रास उघडी झाली, तोलार परवान्याचा झाला.

उघड्या हर्रासीला त्या काळी अनेक व्यापाऱ्यांनी विरोध केला होता. अनुभव असा, की जेथे सौदा उघडा झाला तेथे आवक वाढली. कारण शेतकरी दूरवरूनही माल घेऊन येऊ लागला. माझ्या मते आपल्या व्यवसायाला टिकविणारी गोष्ट कोणती असेल तर ती हीच. ज्या नियमांना आपण जाच समजलो, त्यांनीच मोंढ्याची पत राखली.

मग व्यापारी अजिबात नसला तर काय होते? हाही प्रयोग देशात दोनदा मोठ्या प्रमाणावर झाला. १९७३ च्या एप्रिलमध्ये केंद्र शासनाने गव्हाचा घाऊक व्यापार आपल्या हाती घेतला. अपेक्षेपेक्षा फार कमी गहू सरकारी गोदामात आला, किरकोळ बाजारात भाव चढले, आणि १९७४ च्या मार्चमध्ये ते धोरण सोडून द्यावे लागले. दुसरा प्रयोग महाराष्ट्राचा. कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ मध्ये सुरू झाली. खासगी व्यापाऱ्यास कच्चा कापूस घेण्यास मनाई झाली. तिच्याविषयी एकतर्फी बोलणे अन्यायाचे होईल. खेड्यापाड्यातील शेतकऱ्याला ठरलेला भाव मिळाला, काही वर्षे वरकड रक्कमही मिळाली, आणि विदर्भ-मराठवाड्यात तिच्याविषयी आस्था होती. परंतु प्रतवारी वशिल्याने होते अशा तक्रारी वाढल्या, पैसे हप्त्यांनी व उशिरा मिळू लागले, आणि बाहेर भाव चढला, की सीमेवरचा कापूस रातोरात आदिलाबादकडे जाऊ लागला. जगाच्या बाजारात भाव पडला, की तोटा शासनाच्या अंगावर येई. २००२ नंतर खासगी खरेदी पुन्हा खुली झाली. गोळा करणे, पारखणे, साठविणे आणि पैसा पुरविणे ही कामे या तीस वर्षांत नाहीशी झाली नव्हती. ती दुसऱ्याने केली, आणि त्यांचा खर्चही झाला.

खर्च कोठे किती येतो, याविषयी रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये काही आकडे प्रसिद्ध केले, ते आपण सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखे आहेत. ग्राहकाच्या एका रुपयातून हरभऱ्याच्या शेतकऱ्यास सुमारे ७५ पैसे, मुगाच्या ७० आणि तुरीच्या ६५ पैसे मिळतात. टोमॅटोच्या शेतकऱ्यास मात्र केवळ ३३, कांद्याच्या ३६ आणि बटाट्याच्या ३७. डाळी टिकतात, पारखता येतात, साठविता येतात, त्यामुळे त्यांची साखळी स्वस्त पडते. टोमॅटो दोन दिवसांत नासतो. त्याच्या वाटेवर शीतगृह नाही, प्रतवारी नाही, आणि अर्धा माल रस्त्यातच जातो की काय अशी स्थिती. तेव्हा दोष एकट्या माणसाच्या लोभाचा आहे, की साधनांच्या अभावाचाही, हे मालागणिक तपासले पाहिजे. भाजीपाल्याच्या व्यापारात लोभ नाही, असे म्हणण्याचे धैर्य मात्र मला नाही.

आता साखळी फार लांब झाली आहे. लातूरच्या गिरणीत आज म्यानमारची आणि आफ्रिकेतील मोझांबिक-टांझानियाची तूरही भरडली जाते. तिकडचे जहाज मुंबईच्या बंदरात लागले, की त्याचा परिणाम परभणीच्या ओट्यावर त्याच आठवड्यात दिसतो. पूर्वी मनमाडच्या हमालीचा हिशोब ठेवणारा मुनीम पुरेसा होता. आज परदेशी चलनाचा भाव, आयातीची मुदत व वस्तू व सेवा कर, ही सर्व माहिती गादीवर असावी लागते. शेतकऱ्याच्या हातातही फोन आहे. सकाळी निघण्यापूर्वी चार मोंढ्यांचे भाव त्याला ठाऊक असतात. ज्या व्यापाऱ्याची मिळकत केवळ शेतकऱ्याच्या अज्ञानावर होती, त्याचे दिवस संपले आणि ते संपले हे बरे झाले.

२०१६ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रीय कृषी बाजार सुरू झाला. निजामाबादचा हळदीचा बाजार आरंभीच त्यात सामील झाला. हैदराबादेत बसून दुसऱ्या गावच्या ओट्यावरील मालाला बोली लावता यावी, ही त्यामागची कल्पना उत्तम आहे, आणि आपल्या सभासदांनी ती आत्मसात करावी. अडचण एकच येते. पडद्यावर मालाचा ओलावा आणि कचऱ्याचे प्रमाण दिसते; पण तपासणीसाठी काढलेला नमुना ज्या पोत्याच्या वरच्या थरातला, त्याच्या तळाशी काय आहे ते दिसत नाही. दूरच्या बोलीदाराला माल नमुन्यासारखा आला नाही, तर त्याने कोणाकडे जावयाचे? सध्या तरी तो काय करतो, ते आपण सर्व जाणतो. बोली लावण्यापूर्वी तो त्या गावच्या ओळखीच्या अडत्याला फोन करतो आणि म्हणतो, "शेटजी, तेवढा एकदा ओट्यावर जाऊन पोत्यात कोपरापर्यंत हात घालून या."